डाग कसला, हे विचारायचं नाही

रविवारी लाँड्रीचं शटर खाली असतं आणि त्या दिवशी घरातलं कुणी तळमजल्याकडे फिरकत नाही. आठवडाभर वाफ खाल्लेल्या माणसांना सुट्टीच्या दिवशी बॉयलरचं तोंडसुद्धा बघवत नाही. पण त्या रविवारी दुपारी सगळे खालीच बसले, कारण वर रेडिओ झोपली होती आणि तिच्या कानावर काही जायला नको होतं.

बसले म्हणजे जिथे टेकता आलं तिथे टेकले. अण्णा गल्ल्यामागच्या उंच स्टुलावर, दुकान चालू असल्यासारखे. त्यांचा थोरला मुलगा इस्त्रीच्या टेबलाला पाठ लावून उभा. त्याच्या बायकोने प्लास्टिकची खुर्ची ओढली ती अशी की नवऱ्याचं तोंड दिसू नये. धाकटा ग्राहकांच्या बाकावर पसरला. तो गाड्यांच्या शोरूममध्ये विक्री करतो, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला राहतो आणि घरात काही बिनसलं की सल्ला घेऊन हजर होतो. आणि आत्या, म्हणजे या दोघा भावांची मोठी बहीण, आपल्या नेहमीच्या जागी, डाग काढायच्या टेबलापाशी. तिला दुसरीकडे बसवलं तर ती परक्याच्या घरी आल्यासारखी हात मांडीवर घेऊन बसते. डोक्यावर दांडीला धुऊन झालेले कोट आणि झगे प्लास्टिकच्या पिशव्यांत लटकत होते.

आत्याच्या उजव्या हाताला विहीर होती. विहीर म्हणजे भिंतीतली चौकोनी पोकळी. घर बांधताना अण्णांनी वरच्या न्हाणीघरापासून थेट दुकानापर्यंत काढून घेतलेली. वर तिला लाकडी झाकण, खाली तिच्या तोंडाशी वेताची टोपली. घरच्यांनी मळके कपडे वरून टाकायचे, ते खाली टोपलीत पडायचे. थोरल्याची मुलगी बोलायला लागली तेव्हा ती त्या झाकणापाशी बसून दिवसभर खाली बडबड करायची. गाणी, चुगल्या, आईने काय रागावलं, शेजारचा कुत्रा कसा शिंकला. ग्राहक हसायचे, "मालक, तुमचा रेडिओ लागला!" तेव्हापासून ती रेडिओच. आता पोरगी शाळेच्या शेवटच्या वर्षाला पोचली होती, आणि गेलं वर्षभर विहिरीतून नुसते कपडे येत होते. नाव मात्र तसंच राहिलं. बंद पडलेल्या रेडिओलाही लोक रेडिओच म्हणतात.

"झोपलीये ना नक्की?" धाकट्याने विचारलं.

"आत्ताच बघून आले," सून म्हणाली. "दार उघडं ठेवलंय. थोड्या वेळाने परत जाईन."

तिच्या आवाजात पेंग होती. गुरुवारपासून तिचा डोळा लागला नव्हता. गुरुवारी शाळेच्या नर्सबाईंचा फोन आला, तेव्हा ती चष्म्याच्या दुकानात एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या नाकावर फ्रेम बसवत होती. "तुमच्या मुलीच्या हातांवर जखमा आहेत. काही जुन्या, काही ताज्या. तिने स्वतःच करून घेतलेल्या." नर्सबाई हलक्या आवाजात, सांभाळून बोलत होत्या. सुनेने फोन ठेवला आणि सवयीने त्या गृहस्थांना विचारलं, "आता स्पष्ट दिसतंय का?" दिवसभर ती लोकांना हाच प्रश्न विचारते. त्या दिवशी तो तिच्याच घशात अडकला आणि अजून उतरत नव्हता.

"मग डॉक्टरीणबाईंचं काय म्हणणं आहे? नीट सांगा, मला अर्धवटच कळलंय," धाकटा म्हणाला.

"नैराश्य आहे म्हणाल्या. आजार आहे, नखरे नाहीत. एकाच कुणामुळे झालेला नाही, पण घराचा हातभार असतो, तसा बरं व्हायलाही असतो. औषध लागेल की नाही ते ठरवतील. तिच्याशी आठवड्यातून एकदा बोलतील. आणि उद्या घरात राहणाऱ्या सगळ्यांना बोलावलंय." सून 'सगळ्यांना' म्हणताना अण्णांकडे बघत होती.

अण्णांनी गल्ल्याचा खण उघडला, बंद केला. आत रविवारी काही नसतं.

"मी येणार नाही," ते म्हणाले.

"अण्णा."

"त्या बाईंच्या दवाखान्यातले कोट आपल्याकडे येतात धुवायला. उद्या त्यांच्यासमोर बसून घरातलं ओकायचं आणि परवा त्यांचेच कोट हातात घ्यायचे? लोकांची लक्तरं आपण गुपचूप धुतली म्हणून हे दुकान उभं आहे. आपलीच वेशीवर टांगायची?"

त्यात खोटं काही नव्हतं. अण्णांचं दुकान वाफेवर चाललं त्याहून जास्त मौनावर चाललं होतं. नव्या माणसाला इस्त्री कशी धरायची ते नंतर शिकवायचे, आधी एक वाक्य पाठ करून घ्यायचे: डाग काढायचा, डाग कसला हे विचारायचं नाही. शहरात लाँड्र्या पुष्कळ होत्या. पण कॉलरवर लागलेली लाली, साहेबांच्या पँटवर सांडलेली दारू, लग्नाच्या झग्यावरचं न सांगता येणारं काहीही, हे सगळं लोक अण्णांकडे आणायचे. अण्णा कपडा उलटापालटा करून एवढंच म्हणायचे, "ठेवून जा. वेळ लागेल." दोन्ही मुलं आणि मुलगी या वाक्यांवर वाढली. घरातही तीच रीत. कुणी रडून आलं तर तोंड धुवायला पाणी मिळायचं, प्रश्न मिळायचा नाही.

"मला विचाराल तर," धाकटा म्हणाला, त्याला कुणी विचारलं नव्हतं, "एवढा बाऊ करू नका. घरोघरी मातीच्या चुली. पोरीला माझ्याकडे पाठवा महिनाभर. माझी दोघं आहेत, त्यांच्यात रमेल. हवा बदलेल. वहिनी, तुम्हालाही जरा मोकळं..."

"म्हणजे मला जमलं नाही, असं म्हणायचंय तुम्हाला."

"तसं नाही हो वहिनी."

"तसंच आहे." सुनेला वाईट वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. या घरात धाकटा तिच्या बाजूचा होता. वेगळं बिऱ्हाड करायचं तिने काढलं, तेव्हा सगळे गप्प असताना तोच एकटा म्हणाला होता, "बरोबर आहे वहिनींचं." स्वतः वेगळा झालेला माणूस, त्याला बोलायला काय जातंय. पण तेवढाच आधार होता. आता तोच गोड बोलून पोर उचलून न्यायला निघाला होता.

"ती कुठे जाणार नाही," ती म्हणाली.

"ती कुठे जाणार नाही," त्याच क्षणी थोरलाही म्हणाला.

दोघं दचकले. वेगळ्या बिऱ्हाडाच्या भांडणानंतर नवरा-बायकोने एक वाक्य सोबत म्हणायची ही पहिलीच वेळ होती.

थोरल्याला तेवढ्यानेही बरं वाटलं आणि लगेच त्या बरं वाटण्याची लाज वाटली. तो बॉयलर सांभाळणारा माणूस. दाब वाढला की झडप उघडायची, कमी झाला की बंद करायची, एवढं त्याला कळतं. बायकोशी कडाक्याचं वाजलं, तेव्हा त्याने झडप बंद केली ती पुन्हा उघडलीच नाही. आरडाओरडा नको, घरात शांतता राहील, पोरीच्या अभ्यासाचं वर्ष आहे. मग कामाचं बोलणं पोरीकरवी सुरू झालं. बाबांना सांग दूध संपलंय. आईला सांग मला उशीर होईल. आईला विचार, किल्ली कुठे ठेवली. शेजारच्या खोलीत बायको, मध्ये पोरगी, आणि दोघांनाही वाटायचं, चला, निभतंय. शुक्रवारी डॉक्टरीणबाई आधी मुलीशी एकट्याने बोलल्या, मग मुलीला विचारून तिची एक गोष्ट आईवडिलांना सांगितली. "घरी तू काय करतेस?" असं त्यांनी विचारलं होतं. पोरगी म्हणाली होती, "निरोप पोचवते."



"आणि एक सांगायचं राहिलं," सून म्हणाली. या वेळी तिने खुर्ची फिरवली आणि सरळ नवऱ्याकडे बघितलं. "बाईंनी विचारलं, घरात आधी कुणाला असा त्रास होता का. तू म्हणालास, नाही, कुणाला नाही."

"नव्हताच कुणाला."

"मला काय माहीत? मी नंतर आले या घरात. पण तू उत्तर फार पटकन दिलंस."

थोरल्याने अण्णांकडे बघितलं. अण्णांनी विहिरीकडे. मग आत्या बोलली. दुपारपासून तिने तोंड उघडलं नव्हतं.

"नाही म्हणालास? मग आई काय होती?"

"तिची कंबर धरली होती," अण्णा म्हणाले.

"अण्णा, कंबर धरलेलं माणूस भिंतीकडे तोंड करून रडत नाही."

धाकटा बाकावर नीट बसला. "आईला काय झालं होतं? मी लहान होतो. मलाही कंबरच सांगितली."

"सगळ्यांना कंबरच सांगितली," आत्या म्हणाली. "ग्राहकांना, डॉक्टरांना, आपल्या मामाला. सहा सहा महिने उठायची नाही. केस मी विंचरायचे. मी विचारलं एकदा, आई, काय होतंय गं? तर अण्णांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, विचारू नकोस, तिला जास्त लागेल."

"लागलंच असतं," अण्णा पुटपुटले. पण त्यात जोर नव्हता. त्यांच्या डोळ्यांसमोर बायकोची पाठ आली. पलंग, भिंत आणि ती पाठ. तिच्या खांद्यावर हात ठेवायला ते किती तरी वेळा गेले होते आणि चादर नीट करून परत आले होते. चादर मात्र घरात कायम परीटघडीची असायची.

"डॉक्टरीणबाई वेगळं सांगतात," सून म्हणाली. "विचारल्याने हे वाढत नाही, अण्णा. उलट कुणीतरी विचारलं की माणसाला हलकं वाटतं." मग ती थांबली. दोन दिवस तिला काहीतरी कुरतडत होतं, ते आता एकदम शब्दांत आलं. "पण मला एक कळत नाही. बाई म्हणाल्या, हे बरेच महिने चाललंय. तिचे शाळेचे शर्ट पांढरे. लांब बाह्यांचे. रोज विहिरीतून खाली येतात. हे डाग ओळखणाऱ्यांचं घर आहे! चहा कुठल्या दुकानातला ते तुम्ही डागावरून सांगता. मग एका माणसाला, एका तरी माणसाला, दिसू नये?"

थोरला म्हणाला, "घरच्या कपड्यांना मी हात लावत नाही. ते तर..."

तो मध्येच थांबला. घरचे कपडे कोण करतं हे सगळ्यांना माहीत होतं. एकेक करून सगळ्यांच्या माना डाग काढायच्या टेबलाकडे वळल्या.

आत्या तिच्या ब्रशाचे केस अंगठ्याने एका दिशेला वळवत होती.

"मला दिसलं होतं," ती म्हणाली.

थोरल्याची पाठ इस्त्रीच्या टेबलापासून सुटली.

"पहिल्यांदा वाटलं नाकातून आलं असेल. मग बाहीवर, परत बाहीवर. मला कळलं." तिचा आवाज सपाट होता. "सकाळी तुम्ही खाली यायच्या आधी करायचे मी. गार पाणी घ्यायचं, हलक्या हाताने. एकाही शर्टावर खूण राहू दिली नाही. इस्त्री करून तिच्या पलंगावर ठेवून यायचे. मला वाटायचं, तिला कळेल की आत्याला माहीत आहे आणि आत्या कुणाला सांगणार नाही."

"तू..." सून उभी राहिली. खुर्ची मागे पडली. "तुम्हाला माहीत होतं, ताई? रोज माझ्यासमोर जेवत होता तुम्ही! माझ्या पोरीचं रक्त धुऊन वर येऊन माझ्यासमोर बसत होता!"

"ताई, तू माणूस आहेस का मशीन?" धाकटा ओरडला.

"मला तरी सांगायचंस," थोरला म्हणाला. "मला, ताई. मी इथे पाच हातांवर उभा असतो."

गंमत बघा, माणसाला दोषी सापडला की केवढा दिलासा मिळतो. आतापर्यंत चार दिशांना तोंडं करून बसलेलं घर एका दिशेला झालं. दिराला वहिनी पुन्हा आपली वाटू लागली, बायकोला नवरा. अण्णासुद्धा स्टुलावरून उतरून मुलांच्या बाजूला येऊन उभे राहिले. टेबलापलीकडे आत्या एकटी राहिली.

तिला त्याचं नवल वाटलं नाही. तिला फक्त अण्णांकडे बघायचं होतं, आणि ती त्यांच्याकडेच बघत बोलली.

"मी परत आले होते तेव्हा आठवतं, अण्णा? नवऱ्याचं घर सोडून. एक बॅग घेऊन आले होते. तुम्ही बॅग उघडलीत आणि माझे कपडे याच टेबलावर घेतलेत. कसले डाग होते ते तुम्हाला कळलं होतं. तुमच्यासारख्या माणसाला कळणार नाही होय! तुम्ही एक शब्द विचारला नाही. सगळे स्वच्छ करून, घडी घालून माझ्या खोलीत ठेवलेत." तिने ब्रश खाली ठेवला. "मला वाटलं, यापेक्षा जास्त माया कुणी कुणावर करू शकत नाही. मी पोरीला तेच दिलं. माझ्याजवळ तेवढंच होतं."

अण्णांचा हात इस्त्रीच्या टेबलाची कड शोधत होता.

"पण खरं सांगू?" आत्या म्हणाली, आणि आता मात्र तिचा आवाज फाटला. "तेव्हा रात्र रात्र मी दाराकडे बघायचे. म्हणायचे, आता येतील. आता विचारतील."

"मीपण."

आवाज खोलीतल्या कुणाचा नव्हता. तो वरून आला, थोडा घुमून, थोडा पोकळ, जसा तो पूर्वी दिवसभर यायचा. सुनेने तोंडावर हात दाबला. सगळ्यांनी विहिरीकडे बघितलं आणि सगळ्यांना एकदमच कळलं की आपण किती मूर्ख आहोत. लेकरू ऐकेल म्हणून ही शहाणी माणसं खाली येऊन तिच्याच कानात बोलत बसली होती.

सून जिन्याकडे धावली.

"आई, धावू नकोस," विहीर म्हणाली. "मी काही करत नाहीये. नुसती बसलीये."

सून पहिल्या पायरीवर थांबली. कठडा धरून ती तिथेच उभी राहिली, कारण पुढे गेली तर आवाज बंद पडेल अशी तिला भीती वाटली.

वर न्हाणीघरात मुलगी थंड फरशीवर गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. झाकण भिंतीला टेकवून ठेवलेलं. ती झोपली नव्हतीच, आई डोकावून गेली की डोळे उघडत होती. सगळं बोलणं तिने पहिल्यापासून ऐकलं होतं. तिला रडू येईल असं वाटलं होतं, पण आलं नाही. बरेच महिने तिला काहीच नीट येत नव्हतं. रडू नाही, भूक नाही, झोप नाही. सगळं जाड कापडातून हात लावल्यासारखं. खालच्या त्या काळ्या चौकोनात मात्र आज घरातली माणसं चक्क एकमेकांशी बोलत होती. कुणाचाही निरोप तिला न्यावा लागत नव्हता. ती ऐकत राहिली. आणि आत्या ते दाराचं बोलली तेव्हा तोंडातून शब्द निघून गेला.

"आत्या," ती म्हणाली.

"अगं, बोल बाळा."

"पहिला शर्ट मी मुद्दाम ठेवला होता. कपड्यांच्या आत गुंडाळून नाही. बाही वर करून, सगळ्यात शेवटी टाकला, म्हणजे टोपलीत वर राहील."

आत्याने टोपलीकडे बघितलं.

"मला सांगता येत नव्हतं. काय सांगणार? कशाने होतं तेच मला कळत नव्हतं. म्हटलं, इथे सगळ्यांना डाग वाचता येतात. कुणीतरी वर येईल. ती पूर्ण संध्याकाळ मी पुस्तक धरून बसले होते." ती थांबली. नळ ठिबकत होता. "दुसऱ्या दिवशी शर्ट पलंगावर होता. इस्त्री केलेला. मला वाटलं, सगळ्यांना कळलंय. आणि चालतंय."

आत्या टेबलावर डोकं टेकून रडायला लागली. मोठ्याने, तोंड न झाकता. तिला तसं रडताना या घराने कधी पाहिलं नव्हतं. क्षणभर काय करावं कुणालाच कळेना. मग सुनेनेच कठडा सोडला आणि ती आत्याजवळ गेली. माफ केलं होतं असं नाही, राग होताच, तो पुढेही पुष्कळ दिवस राहणार होता. पण तिला आठवलं की पोरीच्या लांब बाह्या तिनेही पाहिल्या होत्या, भर उन्हाळ्यात, आणि म्हणाली होती, "छान दिसतात गं तुला." तिने आत्याच्या पाठीवर हात ठेवला.

विहिरीत काहीतरी घासत आलं. टोपलीत शर्ट पडला. गुरुवारचा, शाळेतून घालून आलेला. तो तिने तीन दिवस खाली टाकला नव्हता. डावी बाही वर होती.

धाकट्याने मान फिरवली. थोरला पुढे झाला, पण त्याच्या आधी अण्णा पोचले होते. त्यांनी शर्ट उचलला, उजेडाकडे धरला, बाही दोन बोटांत ताणली. दुसरा हात आपोआप गार पाण्याच्या नळाकडे गेला. आयुष्यभराची सवय ती, हात डोक्याला विचारत नाही. नळ अर्धा फिरला. पाण्याची बारीक धार सुरू झाली.

अण्णांनी नळ बंद केला.

बायकोची पाठ, मुलीची बॅग आणि हातातली ही बाही, तिन्ही आता त्यांना एकत्रच दिसत होती. त्यांना फार भीती वाटत होती. वयाच्या या टप्प्यावर, स्वतःच्या नातीला एक प्रश्न विचारायची भीती. मग त्यांनी विहिरीत तोंड घातलं.

"पोरी."

"हं."

"हा... हा डाग कसला आहे?"

सगळे वाट बघत राहिले. सुनेने नवऱ्याचा हात कधी धरला ते दोघांनाही कळलं नाही.

"असं ओरडून नाही सांगता येत, आजोबा," शेवटी आवाज आला.

"मग मी वर येऊ?"

"या."

अण्णा निघाले. त्यांचे गुडघे वाईट आहेत, एकेक पायरी दोन्ही पायांनी चढावी लागते. शर्ट त्यांनी काखेत घेतला होता, न धुतलेला. अर्ध्या जिन्यात थांबून ते थोरल्याला म्हणाले, "उद्या दुकान उशिरा उघडू." बस, तेवढंच. मागून आत्या डोळे पुसत चढत होती, तिच्यामागे नवरा-बायको. सगळ्यात शेवटी धाकटा, ज्याला घरी जायची वेळ झाली आहे असं म्हणायचं होतं आणि म्हणवत नव्हतं.

मुलगी न्हाणीघराच्या फरशीवरच होती. केस विस्कटलेले, बाह्या मनगटापर्यंत ओढलेल्या. एवढी माणसं दारात दाटलेली बघून तिचा चेहरा मिटल्यासारखा झाला. आता ही गप्प होणार, असं सुनेला वाटलं.

अण्णांनी शर्ट पुढे धरला. पुन्हा विचारायला त्यांच्याजवळ शब्द उरले नव्हते, पण नजर त्यांनी हटवली नाही.

मुलीने शर्टाकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. मग थोडी सरकून तिने भिंतीकडची जागा मोकळी केली.

"बसा," ती म्हणाली. "वेळ लागेल."